मुकादमामार्फत: एका सिनॉप्सिसची केस

सिनॉप्सिस, म्हणजे आमच्या एथिक्स कमिटीपुढं आलेला एका थिसिसचा आराखडा, इंग्रजीत होतं, बावीस पानं, आणि त्यातलं मेथडॉलॉजीचं एक वाक्य मराठीत सांगायचं तर असं होतं, 'सहभागी महिलांना संबंधित मुकादमामार्फत एका ठिकाणी बोलावण्यात येईल.' बाकी सगळं नीट होतं. सॅम्पल साइज काढलेला, प्रश्नावली जोडलेली, संमतीपत्र मराठीत. रात्री जेवणं उरकल्यावर मी ते वाचत बसले होते आणि या वाक्यावर येऊन अडकले, कारण मुकादम म्हणजे काय ते मला कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही, आमच्या वस्तीवरून दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या.

ही केस लिहायचं कारण असं की तत्त्वज्ञानात एम.ए. केलेली पोरं मला विचारतात, मॅडम सेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झाली, आता पुढं काय, आणि हॉस्पिटलात आपल्या विषयाच्या माणसाचं काय काम असतं हे त्यांना नुसतं सांगून पटत नाही. एक केस पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडली तर कळेल. गाव, कॉलेज, वर्ष सांगणार नाही, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत.

आधी मी तिथं कशी पोचले ते सांगते. एम.ए. विद्यापीठातून, मग सेट, मग नऊ वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे दोन कॉलेजं, दोन एसट्या, आणि उन्हाळ्यात मानधन बंद. परमनंट झाले तेव्हा पीएचडी चालू होती, विषय स्वायत्तता, जर्मन तत्त्वज्ञ कांट आणि त्याच्या नंतरचे. वर्गात पटावर पंधरा नावं असायची आणि समोर सहा पोरं. वैद्यकीय नीतिशास्त्र म्हणून काही असतं हे मला पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी कळलं, बोशॉम्प आणि चिल्ड्रेस यांचं 1979 चं पुस्तक हातात आलं तेव्हा, ज्यात ती चार तत्त्वं आहेत, स्वायत्तता, रुग्णाचं हित, अहित टाळणं आणि न्याय. वाचून वाटलं की हे तर आपल्याच विषयाचं आहे, फक्त इथं माणसं खाटेवर झोपलेली आहेत.

कमिटीवर जायचं कारण मात्र एकदम साधं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरचं संशोधन तपासून परवानगी देणाऱ्या कमिटीत, सात ते पंधरा माणसं लागतात, त्यातली निम्मी तरी त्या संस्थेच्या बाहेरची, चेअरमनसुद्धा बाहेरचा, आणि डॉक्टर मंडळींबरोबर एक कायद्याचा माणूस, एक सामान्य माणूस, आणि एक समाजशास्त्रज्ञ किंवा तत्त्वज्ञ किंवा नीतिशास्त्राचा अभ्यासक वगैरे. म्हणजे आपल्या विषयाचं नाव नियमात चक्क लिहिलेलं आहे. किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. एका मैत्रिणीच्या वहिनी मेडिकल कॉलेजात फार्माकॉलॉजीला होत्या, कमिटीच्या मेंबर सेक्रेटरी, त्यांचा फोन आला, तू फिलॉसॉफीची आहेस ना, आम्हाला बाहेरचा मेंबर पाहिजे. गेले. पहिलं वर्ष मी जवळजवळ गप्प होते. ट्रेनिंग केलं, रँडमायझेशन म्हणजे काय, प्लासिबो कधी चालतो, मिनिमल रिस्क कशाला म्हणतात हे शिकले, कारण समोरच्याचं शास्त्र कळल्याशिवाय नीती सांगायला गेलं की ते कीर्तन होतं, आणि डॉक्टर लोक ते ऐकून घेतात पण मानत नाहीत. आमच्या कॉलेजात या कामाची नोंद कुठल्या रकान्यात करायची यावर अजून वाद आहे, मीटिंगच्या दिवशी मी सीएल टाकते.

आता केस.

एमडी करणारी एक रेसिडेंट, स्वतः खेड्यातली, वडील शेतकरी. तिला ऊसतोड बायकांमधल्या ॲनिमियावर थिसिस करायचा होता. बोटाला सुई टोचून एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, मोजायचं आणि सोबत प्रश्नावली, त्यात पाळीबद्दल, बाळंतपणाबद्दल, आणि गर्भपिशवी काढली असेल तर कधी, कुठं, कुणाच्या सल्ल्यानं. विषय महत्त्वाचा होता यात शंकाच नाही. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि 82,309 ऊसतोड बायकांच्या पाहणीत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. पाहणी फक्त बीड जिल्ह्यातली. हा आकडा मी वर्गात फळ्यावर लिहिते तेव्हा पोरं गप्प होतात, त्यातल्या काहींच्या घरातल्या बायका त्या आकड्यात असतात.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम हंगामाच्या आधी कोयत्याला उचल देतो, म्हणजे आगाऊ पैसे, आणि ती ऊस तोडून फेडायची. पैसे कधी पोरीच्या लग्नाला गेलेले असतात, कधी दवाखान्याला, कधी मागच्याच वर्षीची बाकी फिरवलेली असते. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचा दंड. दसरा-दिवाळीच्या आसपास गाड्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आणि कारखान्याच्या कडेला कोप्या घालून पाच-सहा महिने राहायचं. म्हणजे मुकादम हा नुसता ठेकेदार नाही, तो सावकार आहे, मालकही आहे आणि बऱ्याचदा भावकीतलाच आहे.

पहिली मीटिंग भाद्रपदात झाली. रेसिडेंटच्या गाईड सरांचं म्हणणं सरळ होतं. मॅडम, सुई टोचायची, एक थेंब रक्त घ्यायचं, ही मिनिमल रिस्क, म्हणजे अगदी किरकोळ धोका आहे, यात अडचण काय. आणि मुकादमाशिवाय या बायका एका जागी सापडत नाहीत, गाड्या निघायच्या आधी तीन-चार दिवस सगळ्या टोळ्या जमतात, तेव्हाच सॅम्पल पूर्ण होतो. त्यांचं चूक नव्हतं, जमवाजमव म्हणून बघितलं तर. मी म्हणलं, सर, सुईत रिस्क नाही, यादीत आहे. मुकादमानं बोलावलं, त्याच्या माणसासमोर एचबी मोजलं, आणि एखादीचं सात निघालं, तर ही बाई हंगाम काढणार नाही हे त्याला तिथंच कळलं. मग तो कोयता घेईल का? नाही घेतला तर उचल परत मागेल, ती खर्च झालेली आहे. म्हणजे तुमच्या तपासणीनं तिला रक्त नाही मिळणार, कर्ज मिळणार.

यावर आमचे वकीलसाहेब जे बोलले ते मला आवडलं, कारण त्यांनी मला कोपऱ्यात घातलं. ते म्हणले, मॅडम, या बायका गरीब आहेत, कर्जात आहेत, त्यांच्यावर दबाव कायमच आहे. मग तुमच्या हिशेबानं त्या कधीच मोकळेपणानं हो म्हणू शकत नाहीत. मग त्यांच्यावर संशोधनच करायचं नाही का?

माझ्या सगळ्या करिअरमधे वाचलेलं उपयोगी पडलं असं जर एखादं मिनिट असेल तर ते हे. कारण हा प्रश्न जुना आहे आणि त्यात एक फरक करावा लागतो. गरिबीमुळं संमतीच रद्द होते असं म्हणलं तर गरीब माणूस कशालाच हो म्हणू शकत नाही असं होईल, आणि तो त्या बाईचा अपमान आहे. ती लग्नाला हो म्हणते, उचलीला हो म्हणते, ऑपरेशनला हो म्हणते, अडचणीत राहून निर्णय घेणं हेच तर तिचं आयुष्य. तेव्हा ती दबावाखाली आहे एवढ्यानं अडत नाही. अडतं ते इथं की संशोधक मुकादमाचा धाक उसना घेतोय. परिस्थितीचा दबाव वेगळा, आणि तुम्ही तुमचं काम व्हावं म्हणून वापरलेला दबाव वेगळा. मुकादमानं 'चला गं सगळ्या, डॉक्टर आलेत' म्हणलं की तिनं दिलेला होकार तुम्हाला नाही दिलेला, त्याला दिलाय. कांट म्हणतो माणसाला नुसतं साधन करू नका, ते मी वीस वर्षं शिकवते, पण साधन कसं केलं जातं ते या एका वाक्यात बघितलं, आणि ते वाक्य लिहिणारीचा हेतू अगदी चांगला होता.

(होकार या शब्दावरून आठवलं. आमच्याकडं होकार हा शब्द सगळ्यात जास्त लग्नाच्या बोलणीत ऐकू येतो, मुलीकडचा होकार आला, आणि तो बहुतेक वेळा मुलीचा नसतोच, बापाचा किंवा चुलत्याचा असतो. संमतीपत्राचं मराठी करताना हे डोक्यात ठेवावं लागतं.)

त्या दिवशी निर्णय झाला नाही. मी चेअरमनांकडं एक परवानगी मागितली, की कॉलेजचं, रेसिडेंटचं नाव काढून फक्त संमतीपत्राचा मजकूर मी माझ्या ओळखीच्या दोन-तीन बायकांना वाचून दाखवते. अभ्यास म्हणून नाही, फॉर्म कळतो का तेवढंच बघायला. ते हो म्हणले.

मावशीच्या गावी गेले, ओसरीवर तिघी बसल्या, दोघी दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या, एकीनं दोन वर्षांपासून सोडलेलं. मी वाचत गेले. 'मी स्वेच्छेने या अभ्यासात सहभागी होत आहे.' त्यांनी माना हलवल्या, जशा पूजा सांगताना हलवतात. 'गर्भाशय शस्त्रक्रिया' कळलं नाही, पिशवी म्हणल्यावर कळलं. मग ते वाक्य आलं जे सगळ्या संमतीपत्रात असतं आणि जे आम्ही कमिटीत डोळे झाकून पास करतो, 'आपण कोणत्याही क्षणी माघार घेऊ शकता.' थोरली म्हणली, "माघार म्हंजी? उचल घेतल्यावर माघार कुठं आस्ती बाई." तिला वाटलं टोळीतून माघार. मी समजावून सांगितलं. मग धाकटीनं विचारलं, "रगत कमी निघालं तर मुकादमाला कळंल का? मंग आमचा अर्धाच कोयता धरतील." कमिटीत मी जे पंधरा मिनिटं बोलले होते ते तिनं दोन वाक्यात सांगितलं, आणि तिनं ना कांट वाचलाय ना आयसीएमआर.

तिसरी काही बोलली नाही, पण निघताना तिनं विचारलं, हे डॉक्टर पिशवीचं विचारतात तर ज्यांनी काढली त्यांना काही करणार आहेत का. मी नाही म्हणलं. ती म्हणली मग काहून विचारतात. मी काय उत्तर दिलं ते मला आता आठवत नाही, काहीतरी पुढच्या बायकांना उपयोग होईल असं, आणि ते खरंच होतं, पण ओसरीवर ते फार हलकं वाटलं.

दुसऱ्या मीटिंगला तोडगा निघाला तो मी काढलेला नाही, हे मुद्दाम सांगते, कारण तत्त्वज्ञानवाल्याला वाटतं आपणच सोडवलं. आमच्या कमिटीत सामान्य माणूस म्हणून एक रिटायर्ड पोस्टमास्तर आहेत. ते म्हणले, गाड्या निघताना कशाला जाता, आषाढ-श्रावणात जा, तेव्हा सगळी माणसं गावातच असतात, खुरपायला, निंदायला, आणि मुकादमाची जमवाजमव तेव्हा सुरू नसते. मग फार्माकॉलॉजीच्या मॅडमनी त्याला वैद्यकीय बाजू जोडली. लोहाच्या गोळ्यांनी एचबी वर यायला महिना-दोन महिने लागतात, शरीरातला साठा भरायला त्याहून जास्त, मग निघायच्या तीन दिवस आधी कुणाला कळून उपयोग काय? ती गोळ्यांचं पाकीट घेऊन कोपीत जाणार. श्रावणात कळलं तर हंगामाच्या आधी उपचाराला वेळ आहे. म्हणजे तारीख बदलली की निम्मं नीतिशास्त्र सुटलं, आणि मी मात्र आठवडाभर संमतीच्या शब्दांवर अडून बसले होते.

मग अटी ठरल्या. बोलावणं आशाताईंकडून, म्हणजे गावातल्या आशा आरोग्य कार्यकर्तीकडून, घरोघरी, मुकादम नाही आणि सरपंचही नाही. निरक्षर बाईच्या अंगठ्यासाठी जो निष्पक्ष साक्षीदार लागतो तो तिच्या टोळीतला नको, सासरचा नको. तपासणी उपकेंद्रात, एकेकीला आत घेऊन, निकाल तिलाच, त्याच दिवशी, तोंडी समजावून आणि चिठ्ठीवर. फॉर्मवर नाव नाही, क्रमांक. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळी, कुलपात. एचबी आठच्या खाली, म्हणजे डब्ल्यूएचओच्या हिशेबानं तीव्र ॲनिमिया, तर उपजिल्हा रुग्णालयात पाठवायचं आणि ती पोचली का ते बघायचं. संमतीपत्रात आधी लिहिलं होतं की सहभाग न घेतल्यास आपले कोणतेही नुकसान होणार नाही. ते मी काढायला लावलं. आपण मुकादमाच्या वतीनं हमी कशी देणार? त्याऐवजी लिहिलं, 'तुम्ही हो म्हणलं का नाही, आणि तपासणीत काय निघालं, हे आम्ही मुकादमाला, घरच्यांना, कुणालाच सांगणार नाही.' जेवढं आपल्या हातात आहे तेवढंच वचन.

याची किंमत त्या मुलीनं दिली. दहा महिने वाया गेले, सॅम्पल कमी करावा लागला, चार तालुक्यांऐवजी तीन गावं उरली. मीटिंगनंतर कॉरिडॉरमधे ती मला म्हणली, "मॅडम, माझी आई जायची ऊसतोडीला. तुम्हाला वाटतं मला कळत नाही?" मला हे माहीत नव्हतं. मी म्हणलं, तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तर म्हणते की तुझ्या आईला मुकादमानं बोलावलं असतं तर ती नाही म्हणली असती का. ती काही बोलली नाही. गाईड सर नंतर वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलायचे.

अभ्यास झाला. निकालाचे आकडे तिच्या थिसिसमधे आहेत, ते तिचे आहेत, मी इथं देत नाही. पण श्रावणातल्या एका रात्री साडेनऊला तिचा फोन आला. क्रमांक एकेचाळीस, वय तिशीच्या आत, एचबी सहा पॉइंट आठ. उपजिल्ह्याला जायला तयार नाही. भाद्रपदात बघू म्हणते. आणि नवऱ्याला सांगू नका म्हणते, त्यानं मुकादमाला सांगितलं तर उचलीतले पैसे कापतील म्हणून. मॅडम, नवऱ्याला सांगू का? तो ऐकेल, चांगला माणूस वाटतो.

इथं पुस्तक दोन्ही बाजूंनी बोलतं. धोका जिवाला आहे, आणि हित बघायचं तर सांगून टाकावं. पण धोका तिच्याच जिवाला आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही, ती सज्ञान आहे, तिला सगळं समजावलेलं आहे, आणि आम्ही लिहून दिलंय की कुणाला सांगणार नाही. पहिल्याच अवघड केसला ते मोडलं तर त्या कागदाला अर्थ काय राहिला, आणि पुढच्या गावात आशाताईंवर कोण विश्वास ठेवणार. मी म्हणलं, नाही, तिच्या परवानगीशिवाय सांगायचं नाही. पण एकदा विचारून सोडायचंही नाही. परत जा, आशाताईंना घेऊन, घाईत नको, का नको म्हणते ते बसून ऐक. दिवस मोडतो म्हणून नको म्हणत असेल तर दिवस न मोडता काय करता येईल ते बघ. मी हे ठामपणे सांगितलं, फोन ठेवल्यावर मात्र दोन वाजेपर्यंत झोप नव्हती.

ती दोनदा गेली. गोळ्या घ्यायला बाई तयार झाली, चहासोबत घेऊ नका वगैरे सगळं समजावलं, दवाखान्यात मात्र गेली नाही. दसऱ्यानंतर तिची गाडी निघाली.

यातून शिकवायचं झालं तर मी आता वर्गात ही केस इथंच थांबवते आणि पोरांना विचारते, सांगायला पाहिजे होतं का. वर्ग दर वेळी दुभंगतो, मुली बहुतेक नाही म्हणतात, मुलगे सांगा म्हणतात, एकदा उलटंही झालं. एमबीबीएसच्या पोरांना 2019 पासून नीती आणि संवादाचं वेगळं मॉड्यूल आहे, एटकॉम म्हणतात, तिथं मला कधी कधी बोलावतात, तिथंही हीच केस घेते. तत्त्वज्ञानाच्या पोरांना हाही एक रस्ता आहे, पगार सुटेल असा नाही, पण आहे. फक्त एक सांगते, हॉस्पिटलात जायचं तर आधी वर्षभर ऐकायची तयारी ठेवा, आणि प्रोटोकॉल शेवटच्या पानापर्यंत वाचा.

मी वाचला होता, आणि तरी एक गोष्ट सुटली. एचबी एकदाच मोजायचं असं प्रोटोकॉलमधे होतं. श्रावणात एकदा. हंगाम करून आल्यावर परत मोजायचं हे त्यात नव्हतं, रेसिडेंटनं लिहिलं नव्हतं, गाईडनं नाही, आणि मी बोलावणारा कोण आणि सही कुणाची यावर दोन मीटिंगा घालवल्या पण हे विचारलं नाही. अमेंडमेंट, म्हणजे प्रोटोकॉलमधे दुरुस्ती, टाकता आली असती, एक पानाचं काम, मला ते सुचलं माघात, तोपर्यंत टोळ्या कुठं कुठं पांगलेल्या आणि ती मुलगी थिसिस जमा करून परीक्षेच्या अभ्यासाला बसलेली.

पाडव्याच्या सुमाराला गाड्या परत यायला लागल्या. आमच्या रस्त्यावरूनच जातात, वर संसार बांधलेला, बाजूला बायका बसलेल्या. एकेचाळीस नंबर त्यात होती का मला माहीत नाही. तिचं नाव मला कधी कळलं नाही, आणि ज्या यादीत तिचं नाव आणि क्रमांक शेजारी शेजारी आहेत ती माझ्याच अटीप्रमाणे कुलपात आहे.